बुडणाऱ्या मुलाला फलक वाचवत नाही, काठावर दोर ठेवा

प्रति,
सांगली जिल्ह्यातील आपत्ती व्यवस्थापन, पाटबंधारे, कृषी, शिक्षण व आरोग्य या खात्यांचे अधिकारी,
आणि जिल्ह्यातील साखर कारखान्यांची संचालक मंडळे

सप्रेम नमस्कार.

मूल पाण्यात बुडाल्याचा फोन गेला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. पोलिस येतात, मागून बोट येते, गळ टाकले जातात, अंधार पडला की काम थांबतं आणि उजाडल्यावर पुन्हा सुरू होतं. पंचनामा होतो. काही दिवसांनी त्या जागी ‘येथे पोहण्यास सक्त मनाई आहे’ असा पत्रा ठोकला जातो. ही सगळी धावपळ मृतदेह सापडावा म्हणून असते. मूल जिवंत बाहेर यावं म्हणून त्या काठावर आधीपासून काय ठेवलं होतं, असं विचारलं की कुणीच काही बोलत नाही. हे मुकाट्यानं पाहणं आता आम्हाला जमत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

आम्ही या जिल्ह्यात पोहणं आणि प्रथमोपचार शिकवणारी माणसं आहोत. आमची आणि आमच्याकडे येणारी मुलं याच कृष्णा नदीच्या, कालव्यांच्या आणि शेततळ्यांच्या कडेनं वावरतात. आमचा संबंध इतकाच आहे.

आपल्याकडे पाण्याची आपत्ती म्हणजे पूर, असं समीकरण बसलं आहे. त्याला कारणही आहे. आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर गेलं की धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५, २०१९, २०२१ हे पूर कुणी विसरलेलं नाही. ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये पुरातून लोकांना काढणारी बोट उलटली, तेही विसरलेलं नाही. त्यातून बोटी, जॅकेटं, कवायती आल्या आणि ते योग्यच झालं. पण पूर नसतानाही मुलं बुडतात. सुट्टीच्या दुपारी, चार फूट रुंदीच्या बांधावरून, आवाज न करता. त्या दिवशी ही बोट तालुक्याच्या गोदामात असते.

आधी वेळेचं गणित पाहू, कारण आमच्या सगळ्या मागण्या त्यातून येतात. बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला असतं, डोकं मागे झुकलेलं असतं, हात पाण्यावर खाली दाबले जात असतात. हात हलवून हाक मारायला ना श्वास उरतो ना हात मोकळे असतात. लहान मूल असं फार तर अर्धा-पाऊण मिनिट वर राहतं. खाली गेल्यावर प्राणवायू न मिळाल्यास साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. जत किंवा आटपाडीतल्या वस्तीवरच्या शेततळ्यापर्यंत १०८ ची गाडी चार मिनिटांत पोहोचेल, असं आपल्यापैकी कुणी म्हणेल का? गाडीचा त्यात दोष नाही, अंतरच तेवढं आहे. म्हणजे मुलाचा जीव त्या क्षणी काठावर असलेल्या माणसाच्या हातात असतो. ती बहुतेक वेळा कपडे धुणारी बाई असते, मोटार चालू करायला आलेला शेतकरी असतो, नाहीतर बारा वर्षांचा मोठा भाऊ. आपल्या कोणत्याच योजनेत या माणसाचा विचार दिसत नाही.

पहिली तक्रार त्या फलकाचीच. पोहायला मनाई केली की मुलं पोहायची थांबत नाहीत, ती फक्त फलक नसलेल्या जागी जातात. आणि पाय घसरून पडलेलं मूल मुळात पोहायला गेलेलंच नसतं. फलकाच्या त्याच खांबाला दोर अडकवता आला असता.

कोणता दोर, हेही सांगतो, नाहीतर खरेदीत भलतंच काही येतं. १० मिमी जाडीचा पॉलिप्रॉपिलिनचा दोर घ्यावा, कारण तो पाण्यावर तरंगतो. नायलॉनचा बुडतो, सुती किंवा तागाचा पाणी पिऊन जड होतो आणि कुजतो. लांबी शेततळ्यावर १५ मीटर, घाटावर २० मीटर. एका टोकाला पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन. त्यात साधारण अर्धा लिटर पाणी ठेवून झाकण घट्ट लावायचं. पूर्ण रिकामा कॅन वाऱ्यानं भरकटतो, पाण्याच्या वजनानं नेमका जातो, आणि तरीही चार-साडेचार किलोचा उचल देतो. घाबरलेल्या मुलाचं तोंड पाण्याबाहेर राहायला तेवढा पुरतो. घाटावर अडीच किलोची लाईफ रिंग, म्हणजे पाण्यावर तरंगणारं कडं, लावता आली तर उत्तमच, पण ‘रिंग चोरीला जातात’ असं सांगून हात झटकायचे असतील तर हा तेलाचा कॅन कुणी चोरणार नाही. उन्हानं दोर ठिसूळ होतो, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचा.

दोराबरोबर चार ओळी लिहून लावाव्यात. पाण्यात उडी मारू नका. पोटावर झोपून काठी, साडी, कासरा, हाती येईल ते पुढे करा. पोहोचत नसेल तर कॅन मुलाच्या पलीकडे टाका आणि दोर त्याच्या अंगावरून ओढत आणा. दोर स्वतःच्या कमरेला बांधू नका. उभं राहून हात दिला तर मूल ओढून घेतं आणि दोघं जातात. एकाला काढायला गेलेला दुसरा आणि त्यामागचा तिसरा, ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली आहे.

दुसरी तक्रार कृषी खात्याकडे, आणि ती जरा सविस्तर मांडावी लागेल. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, तासगाव या पट्ट्यात शेततळ्यांनी द्राक्षं आणि डाळिंबं जगवली, याबद्दल वाद नाही. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तीन मीटर खोल शेततळं मुलासाठी विहिरीहून वाईट असतं. विहिरीला निदान दगड, पायरी, पाईप असं काही धरायला मिळतं. कागदावर शेवाळ धरलं की ओल्या तळव्याला कुठंच पकड मिळत नाही. उतार दिसायला सौम्य वाटतो, म्हणून मूल बाटली काढायला किंवा पाय बुडवायला दोन पावलं खाली उतरतं आणि घसरत मध्यावर जातं. चांगला पोहणारा तरणा माणूससुद्धा कडेला येऊन वर चढू शकत नाही. तो दमतो आणि बुडतो. मदतीला आलेली माणसं हातात हात गुंफून साखळी करतात, ती त्याच कागदावर घसरते.

यावर उपाय फार महागाचा नाही. चारही बाजूंना एकेक गाठींचा दोर सोडायचा, दर एक फुटावर गाठ. दोराचं वरचं टोक बांधात पक्क्या गाडलेल्या लोखंडी किंवा सिमेंटच्या खांबाला बांधायचं, कागदाच्या कडेला नाही. खालचं टोक तळापर्यंत गेलंच पाहिजे. बहुतेक ठिकाणी इथंच चुकतं: तळं भरलेलं असताना पाण्यात हातभर बुडेल एवढाच दोर सोडला जातो, मे महिन्यात पाणी खाली जातं आणि दोर वर लोंबकळत राहतो. गाठींनी कागद फाटेल, ही शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे. त्यासाठी दोन गाठींच्या मधला दोर ठिबकच्या जुन्या १६ मिमी नळीच्या तुकड्यातून ओवावा आणि गाठींखाली जुन्या कागदाचा दुहेरी पट्टा टाकावा. सोबत तारेच्या जाळीचं किमान चार फूट उंचीचं कुंपण, जाळीतून किंवा खालून मुलाचं डोकं जाणार नाही एवढंच अंतर, आणि फाटकाची कडी मुलाच्या हाताला लागणार नाही इतकी वर. फाटक आपोआप मिटणारं असावं. उघडं राहिलेलं फाटक म्हणजे कुंपण नसल्यासारखंच.

अनुदान देताना तळ्याची लांबी, रुंदी, खोली मोजली जाते, फोटो काढले जातात. त्याच फोटोत चार दोर आणि बंद फाटक दिसलं पाहिजे, अशी अट घालायला किती वेळ लागेल?

तिसरी तक्रार पाटबंधारे खात्याकडे. म्हैसाळ, ताकारी, टेंभू, आरफळ या कालव्यांनी कोरड्या गावांत पाणी नेलं. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, सुटलं की कालपर्यंत कोरडा असलेला कालवा छातीपर्यंत भरून वाहतो आणि त्याची अस्तराची बाजू शेततळ्याइतकीच निसरडी असते. आवर्तन कधी सुटणार हे बागायतदाराला कळतं. शाळेला आणि अंगणवाडीला कळवायची पद्धत नाही.

कालव्यात सर्वांत वाईट जागा म्हणजे सायफनचं (कालवा ओढ्याखालून किंवा रस्त्याखालून नेणाऱ्या बंद नळाचं) तोंड आणि पंपगृहापुढचा भाग. तिथं ओढ असते आणि वर यायला जागा नसते. सायफनच्या अलीकडे पाण्याच्या पातळीला तरंगता दोर हवा, सरळ आडवा नको, तिरपा बांधलेला हवा. म्हणजे प्रवाहच मुलाला कडेला सरकवत नेतो. दोर जिथं संपतो त्या कडेला अस्तरात लोखंडी पायऱ्या हव्यात. अशा दोराला जलपर्णी आणि काडीकचरा अडकून तो दबतो, म्हणून प्रत्येक आवर्तनाला तो साफ करण्याचं काम पाटकऱ्याच्या, म्हणजे कालव्यावर पाणी सोडणाऱ्या माणसाच्या, यादीत लिहून द्यावं लागेल. गावाजवळच्या पट्ट्यात दोन्ही कडांना ठरावीक अंतरावर पायऱ्या हव्यात.

मूल कालव्यात पडलं की लोक वरचं गेट बंद करायला फोन करत बसतात. तो फोन एकानं करावाच, पण खालचं पाणी लगेच उतरत नाही. बाकीच्यांनी पडलेल्या जागी गोळा न होता पाण्याच्या पुढे पळायचं, पुढचा पूल किंवा पायऱ्या गाठायच्या. नदीत किंवा तळ्यात मूल दिसेनासं झालं तर एका माणसानं जागेवरून हलायचं नाही. शेवटचं दिसलं ती जागा समोरच्या काठावरच्या दोन खुणांच्या रेषेत धरून ठेवायची, मागचा खांब आणि पुढचं झाड असं काहीतरी. पाण्याकडे नुसतं पाहून ती जागा लक्षात राहत नाही. चार पावलं इकडेतिकडे झालं की अंदाज चुकतो आणि शोधणारे भलतीकडे शोधत राहतात.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांबद्दल एवढंच: बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) बसवलेले असताना फटींतून पाय ओढला जातो, आणि खालच्या अंगाला पाणी उलटं फिरतं, त्यात पट्टीचा पोहणाराही परत परत खाली जातो. हे तिथल्या पाट्यांवर कारणासकट लिहा. वाळू उपशाचे खड्डे राहिलेल्या जागांवर लाल खुणांच्या काठ्या लावा. गुडघाभर पाण्यातून एका पावलात डोक्यावर पाणी जातं, हे कृष्णाकाठच्या पोरांना वरून दिसत नाही. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत दोर न बांधता कुणी उतरू नये, हेही सांगायला हवं. तळाशी प्राणवायू कमी असला तर काढायला उतरलेला माणूसच बेशुद्ध पडतो.

आता चौथी तक्रार, जी आम्हाला सर्वांत जास्त बोचते. मूल बाहेर निघाल्यावरही मरतं, कारण पहिली पाच मिनिटं चुकीच्या कामात जातात. पाय धरून उलटं टांगणं, डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन गरगरा फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं. पोटातलं पाणी निघाल्यानं काही साधत नाही. जीव फुप्फुसात हवा जाण्यावर अवलंबून आहे. पोट दाबलं की उलटी होते आणि ती श्वासनलिकेत जाते. बुडालेल्याला मिठात पुरून ठेवलं की तो जिवंत होतो, असला मजकूर अजून मोबाईलवर फिरतो. तो खोटा आहे असं आरोग्य खात्यानं गावागावात मोठ्या अक्षरांत लिहून लावायला हवं.

करायचं ते असं. मुलाला सपाट, कडक जागेवर पाठीवर झोपवा. हाक मारा, खांदा हलवा. श्वास नसेल किंवा नुसते आचके असतील तर आचक्यांना श्वास समजू नका. एकानं १०८ किंवा ११२ ला फोन लावून स्पीकरवर ठेवावा. कपाळ मागे आणि हनुवटी वर करा; तान्ह्या बाळाचं डोकं फार मागे करू नका, सरळ ठेवा. नाक दाबून तोंडानं पाच श्वास द्या, प्रत्येक साधारण एक सेकंद, छाती वर उचलेल एवढाच. बाळ असेल तर त्याचं तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडात घ्या. छाती उचलत नसेल तर डोक्याची ठेवण बदलून पुन्हा. (काही ठिकाणी सुरुवातीला दोनच श्वास शिकवतात. काठावर उभं राहून त्यावर वाद नको; श्वास आधी, हे महत्त्वाचं.) मग छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ३० दाब, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, छातीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत, म्हणजे मुलाला सुमारे ५ सेंमी, बाळाला ४ सेंमी. मग दोन श्वास. पुन्हा ३०. दोघं प्रशिक्षित असतील तर १५ आणि २. एकटेच असाल आणि फोन हाताशी नसेल तर दोन मिनिटं हे करून मग फोनकडे जा. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो. तोंडातून फेस येत राहतो. तो पुसत बसू नका, त्यातूनच श्वास द्या. उलटी झाली तर अंग कुशीवर करून तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा. किती वेळ पाण्याखाली होतं याचा काठावरचा अंदाज खात्रीचा नसतो, त्यामुळे ‘आता उपयोग नाही’ हे ठरवायचं काम डॉक्टरांचं.

मूल शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच. खोकला, धाप, पेंग यांपैकी काहीही असलं तर काही तास देखरेख लागते, कारण फुप्फुसांचा त्रास उशिरा वाढू शकतो. ओले कपडे काढा, अंग कोरडं करा, पांघरूण घाला.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ‘फक्त छाती दाबा, तोंडानं श्वास द्यायची गरज नाही’ अशी मोहीम आपण शाळांत आणि कचेऱ्यांत चालवता. मोठ्या माणसाचं हृदय अचानक बंद पडलं तर ते चालतं, कारण त्याच्या रक्तात काही मिनिटांचा प्राणवायू शिल्लक असतो. बुडालेल्या मुलाचं हृदय थांबतं तेच प्राणवायू संपल्यामुळे. नुसती छाती दाबून प्राणवायू संपलेलं तेच रक्त फिरतं. बुडण्याच्या प्रसंगाचा वेगळा धडा त्याच प्रशिक्षणात जोडा. आणि प्रशिक्षण म्हणजे पडद्यावरची चित्रफीत नव्हे. मुलाच्या आणि बाळाच्या आकाराच्या सरावाच्या पुतळ्या हव्यात, सहा ते आठ जणांत एक, आणि प्रत्येकानं स्वतः छाती वर उचललेली पाहिली पाहिजे.

आरोग्य केंद्रांबद्दल थोडक्यात. मोठ्या माणसाचा मास्क मुलाच्या चेहऱ्यावर बसत नाही, बाजूनं हवा जाते. बाळासाठी सुमारे २५० मिलीची आणि मुलासाठी सुमारे ५०० मिलीची अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी), लहान मापांचे मास्क, मुलांच्या बोटाला बसणारा ऑक्सिमीटर (रक्तातला प्राणवायू मोजणारं यंत्र), चालू सक्शन (तोंडातली घाण ओढून काढणारं यंत्र), आणि सिलिंडरला दोरीनं बांधलेली त्याची चावी, एवढं एका पेटीत ठेवून महिन्यातून एकदा तपासलं तरी पुष्कळ झालं.

पाचवी गोष्ट कारखान्यांसाठी. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पाण्याच्या सोयीसाठी विहिरीजवळ आणि कालव्याकाठी पडतात. आईबाप पहाटे फडात, आणि मागं दोन-तीन वर्षांचं पोर सहा वर्षांच्या बहिणीच्या हवाली. या वयाच्या पोराला पिंप किंवा भरलेली बादलीसुद्धा पुरते. जागतिक आरोग्य संघटना बुडणं टाळण्यासाठी शाळेआधीच्या वयातल्या मुलांना देखरेखीखाली ठेवण्याची शिफारस करते; आपल्याकडे त्याचा अर्थ कोप्यांच्या तळावर कुंपणातलं पाळणाघर आणि पगारी बाई, इतका साधा आहे. ऊस नेण्याच्या गाड्यांचं नियोजन करता येतं, तर हेही करता येईल.

शेवटची अडचण भीतीची. ‘काढायला गेलो तर पोलिस आपल्यालाच बसवून ठेवतील.’ अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नं संरक्षण आहे, पण ते रस्त्यावरच्या अपघातापुरतं. पाण्यातून मूल काढणाऱ्याला चौकशीसाठी अडवून ठेवलं जाणार नाही, एवढं जिल्हा पातळीवरून लेखी जाहीर करा.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानंही २०२३ मध्ये त्यासाठी धोरणात्मक आराखडा काढला. त्यामुळे वरून आदेश नाही, ही सबब नको. आमच्या मागण्या या:

१. येत्या उन्हाळी सुट्टीच्या आधी प्रत्येक घाट, बंधारा आणि गावाजवळच्या कालव्याच्या पुलावर दोर आणि कॅन. देखभालीची जबाबदारी ग्रामपंचायतीतल्या एका पदावरच्या माणसाच्या नावे.

२. शेततळ्याचा अनुदानाचा शेवटचा हप्ता कुंपण आणि चार दोर पाहिल्याशिवाय नाही. जुन्या तळ्यांसाठी दोर आणि खांबांचा खर्च खात्यानं द्यावा. शेतकऱ्यावर नुसती नोटीस काढून भागवू नये.

३. सायफन आणि पंपगृहांपुढे तिरपे दोर व पायऱ्या. आवर्तनाची तारीख आदल्या दिवशी शाळेला आणि अंगणवाडीला.

४. प्रत्येक शेततळ्याला आणि घाटाला ठळक क्रमांक. कालव्याच्या कडेला किलोमीटरचे दगड आहेतच. ती यादी १०८ आणि ११२ च्या नियंत्रण कक्षाकडे द्या. ‘पाटलाच्या मळ्याच्या पलीकडं’ एवढ्यावर रुग्णवाहिका पोहोचत नाही.

५. अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक, पाटकरी, घाटावरचे नावाडी आणि कारखान्यांचे मुकादम यांना पुतळीवर दोन तासांचं प्रशिक्षण, दर वर्षी उजळणीसह. आपत्तीत मदतीसाठी तयार केलेले स्वयंसेवक, ‘आपदा मित्र’, प्रशिक्षित आहेत, त्यांना शिकवणारे म्हणून वापरा.

६. सहा वर्षांपुढच्या मुलांना शाळेमार्फत पाण्यात जगायचं शिक्षण: कपड्यांसकट पडणं, पाठीवर येऊन तरंगणं, २५ मीटर अंतर कापणं, बाहेर चढणं. शर्यतीची चार तंत्रं नंतर शिकता येतील. पाण्यात उतरण्याआधीचा भाग, म्हणजे काठी पुढे करणं आणि कॅन टाकणं, शाळांच्या ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमात मैदानावरच होतो.

७. जिल्ह्यात बुडालेल्या आणि वाचलेल्या प्रत्येक मुलाची नोंद: वय, जागा, वेळ, काठावर कोण होतं, कोणतं साधन होतं, पहिला श्वास कुणी आणि किती वेळानं दिला. ती दर तिमाहीला जाहीर व्हावी. नावं नकोत.

प्रशिक्षणासाठी आमच्यापैकी कुणालाही बोलवा, मानधन नको, पुतळ्या मात्र आणाव्या लागतील. या सातपैकी कोणतं कोणत्या महिन्यात होईल आणि कोणतं होणार नाही, याचं लेखी उत्तर आम्हाला न पाठवता ग्रामपंचायतींच्या सूचना फलकावर लावावं.

कळावे,

पोहणं आणि प्रथमोपचार शिकवणारे आम्ही काही जण,
सांगली